दहावी आज्ञा आणि दीडशे मर्सिडीज

बायबलच्या दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याचं घर, बायको, नोकर, बैल, गाढव यांचा लोभ धरायला मनाई आहे. मर्सिडीजचा उल्लेख नाही. अर्थात यादीच्या शेवटी ‘त्याचं काहीही’ घालून पळवाट बुजवलेली आहेच.

ऑक्टोबर 2010मध्ये छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, यावर नामी तोडगा निघाला. शहरातल्या बड्या मंडळींनी गट करून एका दमात 150 मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे 65 कोटींचा. शेजाऱ्याच्या दारात जी गाडी, तीच आपल्याही दारात. मग लोभ धरायचा तरी कशाचा? स्टेट बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिलं. त्याच सुमारास शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून बराच जास्त दर मोजावा लागत होता, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी लक्ष वेधलं. आज्ञेतल्या बैलाचा वारसदार असा महागात पडला.

याच शहरातल्या छावणीतल्या चर्चमध्ये समाधानावर प्रवचन करायचं, तर प्रेषित पौलाचा आधार ठरलेला. आहे त्यात समाधान मानायला आपण शिकलो, हे त्याने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळींना कळवलं ते कैदेतून. तिथे निदान पार्किंगची भांडणं नसावीत.

अशा समाधानाचं मराठी उदाहरण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. 1917मध्ये अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले. गाडीच्या कर्जासाठी त्यांनी अर्ज केलाच असता, तर तो पहिल्याच टेबलावर अडला असता: पगाराची पावती नाही, आणि तारण म्हणून अभंग.