काठ सोडलेलं पाणी

ऐकलंत का? लोणावळ्याच्या व्हिलांमध्ये हल्ली पाणीसुद्धा काठ सोडून वागतंय! भरदिवसा, पाहुण्यांच्या देखत, उंबरठा ओलांडून थेट दरीकडे निघतं. आणि लोक? त्याला आवरायचं सोडून पाठमोरे उभे राहून फोटो काढून घेतात. इन्फिनिटी पूल म्हणे!

सिंगापूरनं तर हे थेर शब्दशः डोक्यावर घेतलं. मरीना बे सँड्स हॉटेलच्या सत्तावन्नाव्या मजल्यावर, दीडशे मीटर लांबीचा, २०१० साली. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या इन्स्टावर तीच पाठ.

आता आतली गोष्ट ऐका, पण माझं नाव कुठे घेऊ नका. ते पाणी दरीत वगैरे काही जात नाही हो! कडेपलीकडे, फोटोत येणार नाही अशा बेतानं खाली एक पन्हळ असते. त्यात उडी, तिथून बॅलन्सिंग टँक, मग पंप, वाळूचा फिल्टर, क्लोरीन, आणि मागच्या दारानं पुन्हा तलावात. दिवसभर हेच. पळून जाण्याचा नुसता देखावा!

यात टँकचं प्रकरण सगळ्यात भारी. सत्तर किलोचा माणूस पाण्यात बुडला की साधारण सत्तर लिटर पाणी बाहेर पडतं. दहा जणांची पार्टी एकदम उतरली की सातशे लिटर. टँक लहान असेल तर ते जादा पाणी सरळ ड्रेनेजमध्ये जातं. मग मंडळी भजी खायला वर आली, की तलाव कडेखाली उतरलेला, टँकही रिकामी, पंप हवा ओढतोय आणि इन्फिनिटी संपली! बिल्डरनं टँकमध्ये पैसे वाचवले की असं जगजाहीर होतं.

कडेची लेव्हल तर विचारूच नका. वरून वाहणारा पाण्याचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा. काठ एका बाजूला तेवढाच चढला, तरी तिकडे फरशी कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या टोकाला धबधबा.

एक मात्र कबूल करायला हवं. तेल, सनस्क्रीन, पालापाचोळा, सगळी घाण तरंगते वरच. साध्या तलावात पाणी काठापासून थोडं खाली, आणि वरचा थर ओढायला स्किमरची दोन-तीन तोंडं. इथे अख्खी कड तेच काम करते. चारही बाजूंनी जाळीतून वाहणाऱ्या ओव्हरफ्लो तलावात तर लाटाही काठावर आपटून परत येत नाहीत, म्हणून शर्यतीचे तलाव तसे बांधतात. तिथे फोटोचा सोस नसतो, बरं का.

तेव्हा पुढच्या वेळी व्हिला बुक करताना दरीचे फोटो मागू नका. टँक केवढी आहे आणि दिवे गेले की पंप जनरेटरवर चालतो का, तेवढं विचारा.