एक ओळखीचे तज्ज्ञ

आमच्या गल्लीत कुणाचा कम्प्युटर रुसला की लोक आधी मला हाक मारतात. "बंद करून परत चालू करा" या एका मंत्रावर मी ही गादी कित्येक वर्षं सांभाळलीय. त्यामुळे रात्रीत अपडेट होऊन माझाच लॅपटॉप काळ्या पडद्यावर ठिपके फिरवत बसला, तेव्हा मी आधी दार लावून घेतलं.

मशिन उठतं कसं, हे समजवायला मी नेहमी आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव सांगतो. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात. गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन, आणि मग अंबाबाईचे चरण. पुढं कंबर, छाती, मुख. आत माणसं श्वास रोखून उभी. "कमरेला आली, कमरेला आली!" एवढ्यात पश्चिमेला ढग येतो, नाहीतर महाद्वार रोडवरची एखादी इमारत आडवी येते. मग बाहेर पडणारा प्रत्येक जण हवामानतज्ज्ञ! मी स्वतः एकदा धूलिकणांवर इतका बोललो की सोबतचे लोक परस्पर मिसळ खायला निघून गेले. असो, विषय लॅपटॉपचा होता. तिथंही फर्मवेअर बूटलोडरला उठवतं, बूटलोडर कर्नलला, कर्नल बाकीच्या घरादाराला. माझी किरणं पितळी उंबऱ्यावरच थांबली होती.

पॉवरचं बटण दाबून धरत राहिल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा आला. 'नवं अपडेट काढून टाका' हा पर्याय समोरच होता. पण तो कुणीही निवडला असता. मी बायोसमध्ये शिरलो, सिक्युअर बूट बंद केलं आणि भक्तिभावानं एंटर दाबलं. पडद्यानं डिस्कच्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली.

इथं मात्र माझं डोकं सटकलं. पैसे मी मोजलेले, वीजबिल मी भरतो. रात्री न विचारता घरात शिरतं ते अपडेट, आणि मालकीचा पुरावा द्यायचा मी! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं आडवी केली. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बिघाड तारेतून क्षणात पोचला. निस्तरायला मात्र कितीतरी मशिनांपुढं माणूसच जाऊन बसला. ती रात्र जागलेल्यांना कुणी 'सॉरी' म्हटलं असेल का, कोण जाणे.

शेवटी भर दुपारी, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा बेतानं, राजारामपुरीतलं एक दुकान गाठलं. तिथल्या पोरानं माझ्याच मोबाइलवर माझंच अकाउंट उघडायला लावलं. की तिथंच होती. मी अंक वाचले, त्यानं टाइप केले, अपडेट काढलं.

"काका, सिक्युअर बूट कुणी बंद केल्तं ह्यात?"

"आमच्या ओळखीचे एक तज्ज्ञ आहेत."

"त्यांस्नी परत हात लावू देऊ नगासा."

मी गंभीरपणे मान डोलावली. पैसे तज्ज्ञांनी दिले.