पिल्लू ओळखावे कसे? माळवदावरच्या उमेदवारांसाठी

सर्वप्रथम साहित्य. दुर्बीण टाळावी. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत घराला घर लागलेलं. समोरच्या गच्चीकडे दुर्बीण रोखणाऱ्याला पक्षिनिरीक्षक कुणी म्हणत नाही. दोन मातीची परळं पुरे. एकात तांदळाची कणी किंवा बाजरी, दुसऱ्यात पाणी. मात्र ‘नळाला पाणी आलं की भरू’ असं म्हणू नये. आपल्याकडे दोन पाण्यांच्या मध्ये चिमणीचं अंडं उबून पिल्लू बाहेर येईल.

पुस्तक हवंच असेल तर सलीम अलींचं घ्यावं. १९४१ साली आलं, अजून चालतं. शिवाय त्यांच्या नावाचं सरोवर दिल्ली गेटजवळच आहे. अडचण एवढीच, की चित्रातले पक्षी बहुतेक प्रौढ आणि लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे टापटीप. आपल्या परळावर येतं ते विस्कटलेलं, शेपूट आखूड, चेहऱ्यावर कायमची तक्रार.

चिमणीपासून सुरुवात करावी. रंगावर जाऊ नये. पिल्लू नर असो की मादी, आईसारखंच मातकट दिसतं. गळ्याखालचा काळा डाग नराला पहिली पिसं झडल्यावर येतो. चोचीच्या कोपऱ्यात पिवळी कड असते, पण ती दिसेपर्यंत पिल्लू खालच्या दुकानाच्या पाटीवर जाऊन बसलेलं असतं. खरी खूण वागण्यात. पिल्लू कणीच्या ढिगात मधोमध बसतं, पंख थरथरवतं, ‘आ’ करतं. मग काळ्या गळ्याचा बाप येतो, पिल्लाच्याच पायाखालचा दाणा उचलतो आणि त्याच्याच तोंडात घालतो. हीच लक्षणं गल्ल्यावर बसलेल्या काही चिरंजीवांतही आढळतात. त्यांची नोंद वेगळ्या वहीत करावी. शेजारच्या काकू म्हणतील, “अहो, थरथरतंय ते. हळद लावा त्याला!” लावू नये. पिल्लू रस्त्यात पडलं असेल तर मात्र उचलून मांजरापासून दूर, उंच जागी ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकत नाही, हे काकूंना पटणार नाही. वाद घालू नये.

बुलबुलाच्या पिल्लाचं बूड लाल नसतं, फिकट तांबूस असतं. साळुंकीचं पिल्लू आईबापांहून मळकट. पारव्याचं पिल्लू कुणी पाहिलेलं नसतं, कारण ते महिनाभर घरट्यातून हलतच नाही; एक दिवस डोक्यावर दोन-चार पिवळे तंतू घेऊन थेट मोठं होऊनच हजर होतं.

आता प्रगत अभ्यासक्रम. पावसाळ्याच्या सुमारास कावळा आपल्याच अंगाच्या एखाद्या काळ्या पक्ष्याला भरवताना दिसला, तर घाईनं ‘कावळ्याचं पिल्लू’ असं लिहू नये. शेपूट लांब आहे का, पाहावं. असेल तर ते कोकिळेचं. आई अंडं घालून केव्हाच मोकळी झाली. बाप वसंतात गाऊन नाव कमावून बसला. घास आणण्याचं काम कावळ्याकडे, आणि पितृपक्ष सोडला तर त्याला कुणी पानावर बोलावत नाही. ही वस्तुस्थिती त्याला सांगायला जवळ जाऊ नये. पिल्लाच्या आसपास कुणी फिरकलं की कावळा मागून येऊन डोक्यात टोच मारतो. माळवदावर जाताना टोपी घालावी. घरात आजोबांचं पागोटं असेल तर उत्तमच.