आखाजीला फायनल

युरोपातल्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांना, म्हणजे यूएफाला, काही वर्षांपूर्वी एक काळजी लागली. दोन देशांचे मैत्रीपूर्ण सामने व्हायचे आणि ते कोणी बघायचं नाही. खेळाडू पाय वाचवून खेळायचे, प्रशिक्षक मध्यंतरानंतर अर्धा संघ बदलायचे, टीव्हीवाले तोंड वाकडं करून पैसे मोजायचे. कोणी बघत नसेल तर खेळू नका, असं तुम्ही-आम्ही म्हणालो असतो. म्हणूनच तुम्ही-आम्ही यूएफात नाही. यूएफाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच सामन्यांना गुणतक्ता जोडला, वर एक करंडक ठेवला आणि नाव दिलं नेशन्स लीग. मैत्री गेली, सामने राहिले.

या लीगचे चार मजले: ए, बी, सी आणि डी. तळाला राहिला तो खाली उतरतो, पहिला आला तो वर चढतो. आमच्या सुरतेच्या गोडादऱ्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे ए म्हणजे स्वतःचं रो-हाऊस, बी म्हणजे हप्त्यावरचा फ्लॅट, सी म्हणजे भाड्याची खोली आणि डी म्हणजे ती खोली, जिच्यात दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला आडवा होतो. चढायला उभा जन्म लागतो, उतरायला कापडबाजारातली एक मंदी पुरते.

युरोपात उतरणाऱ्यांचीही सोय आहे. पहिल्याच हंगामात जर्मनी, म्हणजे २०१४ चा जगज्जेता, फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या गटात चारपैकी एकही सामना न जिंकता तळाला गेला. नियमाने रवानगी बी-मध्ये. तेवढ्यात यूएफाच्या लक्षात आलं की ए-मध्ये बारा संघ फारच कमी होतात, सोळा हवेत. मजला रुंद केला, जर्मनी जागच्या जागी. सोबत पोलंड, क्रोएशिया आणि आइसलंडही तरले. वाढीव बांधकाम नियमित करून घेण्याची कला फक्त सुरतेत पिकते असं म्हणणाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या न्यों गावी, यूएफाच्या कचेरीत, एकदा जाऊन यावं.

आता एक गोष्ट नाइलाजाने लिहितो, कारण तिच्यात या सदराचं नुकसान आहे. सान मारिनो नावाचा देश आहे, वस्ती ३४ हजारांच्या आसपास. एवढी माणसं तर आमच्या गोडादऱ्यातल्या थोड्या गल्ल्यांत मावतील. हा देश पूर्वी मोठ्या संघांकडून सात-आठ गोल खायचा, घरी जायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा यायचा. नेशन्स लीगच्या डी-मध्ये त्याला आपल्या उंचीचे प्रतिस्पर्धी मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने लिश्टेनश्टाइनला १-० हरवलं. तब्बल वीस वर्षांनंतरचा पहिला विजय, आणि स्पर्धात्मक सामन्यातला तर आयुष्यातला पहिला. नोव्हेंबरात परतीचा सामनाही ३-१ जिंकून ही मंडळी सी-मध्ये चढली. जॉर्जियाने याच लीगच्या मागच्या दाराने युरो २०२४ गाठलं आणि तिथे पोर्तुगालला २-० हरवलं. तेव्हा कल्पना अगदीच टाकाऊ नाही. असो, नुकसान भरून काढू.

खरी गंमत अशी की फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी नवं काही आणताना जुनं काही काढलं नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये गटात सहा सामने होते, २०२४ पासून आठ झाले. क्लबांचा विश्वचषक २०२५ मध्ये ३२ संघांचा झाला आणि भर उन्हाळ्यात, खेळाडूंच्या सुट्टीत, अमेरिकेत खेळवला गेला. देशांचा विश्वचषक ६४ सामन्यांवरून १०४ वर गेला, संघ ३२ चे ४८. फिफाच्या वेळापत्रकात राष्ट्रीय संघांसाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबर अशा दोन वेगळ्या खिडक्या असत. २०२६ पासून मधली भिंत पाडून सोळा दिवसांचं एकच दालन केलं, आत चार सामने. प्रवास वाचतो म्हणे. ज्याचा प्रवास वाचला त्याने विमानात झोपायचं तेवढं मैदानात झोपावं.

सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीचा रॉड्री म्हणाला की खेळाडू संपाच्या अगदी जवळ आले आहेत. त्यानंतर आठवडाभरातच आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढच्याच महिन्यात जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ऑर घ्यायला तो कुबड्यांवर आला. त्याच ऑक्टोबरात खेळाडूंच्या संघटनेने आणि युरोपातल्या लीगांनी मिळून फिफाविरुद्ध युरोपियन आयोगाकडे तक्रार गुदरली. फिफाचं म्हणणं आधीपासून तयार होतं: लीगवाले ढोंगी आहेत, त्यांचेच क्लब उन्हाळ्यात जगभर प्रदर्शनी सामने खेळत हिंडतात. दोघंही खरं बोलत होते.

ही बातमी आमच्या यंत्रमागाच्या खात्यात पोचली तेव्हा लूमच्या खडखडाटातूनही हशा ऐकू आला. एक जण अहिराणीत ओरडला, "त्याना पगार माले द्या, मी दोन्ही पाळ्या करस!" बरोबरच आहे. बारा तासांची पाळी उभ्याने करणाऱ्याला करोडपतीच्या थकव्याचं काय कौतुक? पण चहाच्या वेळी मात्र आमचे आप्पा म्हणाले की सबंध सुरतेत त्या पोराचं दुःख कळेल तर ते लूमवाल्यालाच. मशीन बंद ठेवलं की शेठचं नुकसान, माणूस बंद पडला की दुसरा माणूस. हे गणित फिफाने कुठून घेतलं ते ठाऊक नाही, पण घेतलं आहे.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की जगातला प्रत्येक फुटबॉलपटू सामन्यांखाली चेंगरला आहे. त्याने आपल्या देशाकडे पाहावं. आपण हा प्रश्न मुळापासून सोडवला आहे.

आधी आपणही गर्दी करून पाहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धा आणि इंडियन सुपर लीग एकाच आठवड्यात आणून ठेवल्या. क्लब खेळाडू सोडेनात. शेवटी जमेल तसा संघ जुळवला, तो आदल्या संध्याकाळी हांगचौला उतरला आणि दुसऱ्या दिवशी चीनकडून १-५ हरला. २०२४ मध्ये वरिष्ठ संघ अकरा सामने खेळला, जिंकला शून्य, गोल केले चार. म्हणजे सामने जास्त झाले की तब्येत बिघडते हे सिद्ध झालं. मग उपाय केला. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच थांबवली. महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांचा करार डिसेंबरात संपत होता, नवा होत नव्हता, निविदा काढली तर एकही बोली आली नाही. लीग बंद, क्लबांची मैदानं ओस, आणि त्याच काळात ताजिकिस्तानात मध्य आशियाच्या नेशन्स कपला संघ जायचा म्हणून खेळाडू मागितले, तर मोहन बागानने आपले दिले नाहीत. प्रशिक्षक खालिद जमील उरलेल्यांना घेऊन गेले आणि ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे आले. म्हटलं, चला, दिवस फिरले. ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं. सुरतेएवढ्या वस्तीचा हा देश २०२७ च्या आशियाई चषकात खेळणार आणि आपण नाही. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१.

त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस अहमदाबादेत आपल्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी इराणला २-१ हरवून आशियाई स्पर्धेचं तिकीट काढलं. पोरं मैदानात नाचत होती. मोठी झाल्यावर ज्या लीगमध्ये खेळायचं, ती त्या दिवशी बंद होती, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

डिसेंबरात मेस्सी आला. कोलकाता, हैदराबाद, मुंबई, दिल्ली. सामना एकही खेळला नाही, तिकिटं मात्र हजारोंची. कोलकात्यात तो नीट दिसला नाही म्हणून लोकांनी खुर्च्या उपटल्या. वानखेडेवर त्याने सुनील छेत्रीला जर्सी दिली. आणि जानेवारीच्या सुरुवातीला तोच छेत्री, सहखेळाडू गुरप्रीत आणि झिंगनसोबत, एका चित्रफितीत फिफाला विनवत होता की आम्हाला वाचवा, आम्हाला फक्त खेळायचं आहे. युरोपातले खेळाडू सामने कमी करा म्हणून आयोगाच्या दारात, आपले एक तरी सामना द्या म्हणून फिफाच्या दारात. लीग अखेर १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाली, तीही आखूड करून.

खेळाडूंचं काय करायचं हे ठरवणारे दोन्हीकडे बसूनच असतात. त्यांच्या गुडघ्यांना काही होत नाही.

सुरतेला यात वाव आहे हे आमच्या सोसायटीच्या कमिटीने ताबडतोब ओळखलं. २०२४ मध्ये गुजरात सुपर लीग निघाली, तीत सुरतेच्या नावाचा एक संघ होता. त्याला बघायला अहमदाबाद गाठावं लागलं. तेव्हा आपली स्वतःची लीग हवी. ठराव पास झाला: गोडादरा नेशन्स लीग. राष्ट्रं बारा. शहादा, शिरपूर, साक्री, अमळनेर, पारोळा, चोपडा वगैरे आपले खानदेशातले तालुके, आणि आंतरराष्ट्रीय दर्जा टिकावा म्हणून ओडिशा, यूपी, बिहार आणि एक राजस्थान. अमळनेरच्या संघात कमिटीचे खजिनदार येत असल्याने अमळनेर कितीही हरलं तरी ए-मध्ये राहील. यासाठी जर्मनीचा दाखला इतिवृत्तात नोंदवून घेतला आहे. दिवसपाळीवाले रात्री खेळतील, रातपाळीवाले दिवसा. मग अमळनेरचे दिवसपाळीवाले आणि शिरपूरचे रातपाळीवाले समोरासमोर येणार कधी, हा तांत्रिक मुद्दा वेळापत्रक समितीकडे सोपवला आहे. मैदान म्हणून मंदिरामागचा मोकळा प्लॉट, बिल्डर पत्रे ठोकेपर्यंत.

फायनल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठेवली आहे. सण आहे, माहोल राहील, असं अध्यक्ष म्हणाले. आखाजीला तर अख्खा गोडादरा उधन्याहून गाडी पकडून गावाकडे गेलेला असतो, त्या दिवशी खेळणार कोण, असं एका गोलकीपरने उभं राहून विचारलं. त्याला खाली बसवण्यात आलं. न आलेले दोन्ही संघ संयुक्त विजेते धरावेत आणि पुढच्या हंगामापासून लीग बाराऐवजी सोळा राष्ट्रांची करावी, असं एकमताने ठरलं.