टर्कीच्या गळ्याशी आलंय

ती. स्व. अण्णाकाकांना,
सा. न. वि. वि.

परसातल्या टर्कीची अन्नपिशवी फुगलीय म्हटल्याबरोबर तुम्ही धाडलेली उपायांची यादी पोचली. ओव्याचा अर्क, कोमट खोबरेल, घट्ट दही आणि शेवटी ब्रह्मास्त्र : ‘पाय धरून उलटं करा, सगळं बाहेर येईल.’ यादीवरून टर्कीपेक्षा आपल्या घराण्याच्या पोटांचा इतिहासच जास्त कळतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ साली फ्रान्सहून लेकीला लिहिलेल्या पत्रात इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, गरुडापेक्षा टर्कीला अब्रूदार पक्षी ठरवलं होतं. त्या अब्रूदाराला उलटं टांगण्याआधी माझं एवढं ऐका. गळ्याखालच्या फुगवट्यामागे निरनिराळी दुखणी असतात, आणि एकाचा उतारा दुसऱ्याला बाधतो. तेव्हा आधी निदान, मग ओवा.

टर्कीला दात नाहीत. गिळलेलं सगळं आधी छातीवरच्या अन्नपिशवीत जाऊन भिजतं, तिथून जठरात, आणि मग जो आपण कलेजीबरोबर पेटा म्हणून आणतो त्यात बारीक खड्यांच्या मदतीनं दळलं जातं. पोटभर खाल्ल्यावर ती पिशवी टम्म दिसणारच. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. रात्री दाणा काढून घ्यावा आणि पहाटे, खाण्याआधी, हात लावून पाहावा. पिशवी रिकामी असली तर पक्षी ठीक आहे आणि काळजी करणाऱ्यानं चहा घ्यावा. मळलेल्या कणकेसारखा घट्ट गोळा लागला तर लांब गवत, सुतळी किंवा खालचा पेंढा अडकलेला असतो. लिबलिबीत लागून चोचीला आंबूस वास आला तर कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संशय घ्यावा. आणि वर काहीच दोष नसताना पिशवी हलत नसेल तर अडथळा खाली पेट्यात असू शकतो, जंत असू शकतात, शिसं पोटात गेलेलं असू शकतं. मोरी तुंबल्यावर बादली घासून काय होणार?

आता तुमचे उपाय. खोबरेलाला मी पूर्ण नाही म्हणत नाही. गोळा नुकताच झाला असेल तर थोडंसं पाणी किंवा तेल आणि बाहेरून हलक्या हातानं चोळणं जाणकारही मान्य करतात. तेवढे गुण तुमचे. दह्याच्या बाजूनं तुम्ही म्हणाल की निरोगी अन्नपिशवीतही लॅक्टोबॅसिलस जंतू असतातच. असतात, पण पक्ष्याच्या पिशवीला चिकटून राहणारे त्यांचे भाऊबंद वेगळे, आपल्या विरजणातले वेगळे. शिवाय दुधातली साखर पक्ष्याला नीट पचत नाही, म्हणजे वरचं दुखणं राहतं बाजूला आणि खाली जुलाब सुरू. उलटं टांगणं मात्र सर्वांत वाईट. पक्ष्याला श्वासपटल नसतं आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. बाहेर येणारं आंबट पाणी तिथून थेट फुप्फुसात शिरतं आणि पक्षी बरा होता होता गुदमरून मरतो. ‘पण कित्येक जण असं करतात आणि पक्षी जगतात,’ हा तुमचा पुढचा मुद्दा मला आत्ताच ऐकू येतोय. जगलेल्यांची कथा सगळे सांगतात, मेलेल्याची कोण सांगतं?

कोंबडीचं शहाणपण टर्कीला पुरत नाही, कारण टर्कीला खास तिचं म्हणावं असं एक दुखणं आहे : लोंबती अन्नपिशवी. पिशवीचे स्नायू ताणून सैल होतात, ती छातीपुढे झोळीसारखी लोंबते आणि आतलं पाणी-दाणा तिथेच आंबत राहतो. १९३०च्या दशकात इथे कॅलिफोर्नियात, डेव्हिसला, अॅस्मंडसन आणि हिन्शॉ या संशोधकांनी याचा अभ्यास केला. हा दोष पिढीजात उतरतो, आणि कडक उन्हात पक्षी वारेमाप पाणी पितात तेव्हा तो उफाळून येतो. म्हणजे ओवा कितीही तिखट असला तरी आजोबांकडून आलेली पिशवी तो आवळणार कसा? इथे पक्ष्याच्या अन्नपिशवीला आधार द्यायला चक्क ब्रा विकत मिळते (काकूंना हे वाचून दाखवू नका). वजन पेलायला तिचा थोडा उपयोग होत असेल. ताणलेला स्नायू तिनं पूर्वीसारखा होत नाही. खरा उपाय रुक्ष आहे : उन्हाळ्यात भरपूर सावली, गार पाणी, गवत कापलेलं आखूड, खाण्याबरोबर खडे, आणि लोंबत्या पिशवीच्या पक्ष्याची अंडी उबवायची नाहीत.

राहिली खर्चाची हरकत. दुकानातली गोठवलेली टर्की डॉक्टरच्या फीपेक्षा स्वस्त पडते, हे कबूल. पण म्हणून घरच्या घरी औषधं पाजता येत नाहीत. टर्कीला तुम्ही नाव ठेवा, वाढदिवस करा, इथल्या कायद्याच्या लेखी ती खाण्याचाच प्राणी. आपल्याकडे जुलाब झाले की हात ज्या मेट्रोनिडाझोलकडे जातो ते अशा प्राण्याला द्यायला इथे बंदी आहे. जून २०२३ पासून माणसांसाठीही महत्त्वाची असलेली जनावरांची प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि त्यात टर्कीचं नुकसान काहीच नाही, कारण उठसूट दिलेल्या प्रतिजैविकांनीच बुरशीला मोकळं रान मिळतं. बुरशी असेल तर निस्टॅटिन, तेही तपासून. गोळा दगडासारखा असेल तर पिशवीला छेद देऊन तो काढणं, तेही भूल देऊन आणि डॉक्टरच्या हातून. स्वयंपाकघरातली सुरी आणि फेव्हिक्विक यांवर तुमचा जो विश्वास आहे तो कृपया चपलांपुरता ठेवा.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा पुतण्या

ता. क. ओव्याचा अर्क मात्र येणाऱ्या माणसाबरोबर जरूर पाठवा. थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर तो लागतो, आणि त्या रुग्णांचं निदान पक्कं आहे.