शोकेसमधला ऐवज

मराठी मध्यमवर्गाची दौलत दोन ठिकाणी असते: सोनं बँकेच्या लॉकरमध्ये आणि अभिमान दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये. या दुसऱ्या ऐवजाला चोरही हात लावत नाही. घरातल्या मुलांना मात्र सक्त मनाई असते.

शाहजहानने १६३२च्या सुमारास ताजमहाल बांधायला घेतला, त्याला वीसेक वर्षं लागली. आपण तोच, शंखजिऱ्याचा, आग्र्यात घासाघीस करून पाच मिनिटांत घेतो आणि ‘अस्सल संगमरवर बरं का’ असं जन्मभर सांगतो. शेजारी सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं. खरं केळं दोन दिवसांत काळं पडतं. हे पाहुण्यांच्या तीन पिढ्यांपुढे पिवळंधमक. मग कन्याकुमारीचा शंख, त्यावर कोरलेलं नाव, तेही शुद्धलेखनाच्या चुकीसह. आणि देव्हाऱ्यात काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू. टपाल खात्याने २०१६मध्ये गंगाजल बाटलीतून विकायला काढलं, पण त्याला गडूची सर नाही. बाटलीसोबत रेल्वेच्या वेटिंग लिस्टची हकिगत येत नाही ना!

खरी गोम इथेच आहे. महाग वस्तूची किंमत पावतीवर असते, स्वस्त वस्तूची सांगणाऱ्याच्या तोंडी. पावती पुसट होत जाते. हकिगत दर पाहुण्यागणिक फुगते. सांगणारा गेला, की भावही कोसळतो. म्हणून तर वाटणीच्या वेळी भावंडं फ्लॅटसाठी वकील लावतात आणि ताजमहाल मात्र ‘अगं, तूच ने’ म्हणत एकमेकांच्या गळ्यात मारतात.