वायफायमालक

वायफायमालक हा मराठी मध्यमवर्गीय कुटुंबातला, साधारण पंचावन्न ते पंचाहत्तर वयाचा गृहस्थ. ब्रॉडबँडचे बिल ज्याच्या नावावर येते तो मालक, अशी कागदोपत्री व्याख्या करता येते. प्रत्यक्षात घरात फायबरची वायर आली त्या दिवशी जो घरी होता तो मालक होतो. बाकीची मंडळी ऑफिसला, कॉलेजला किंवा भाजीला गेलेली असतात. हा निवृत्त असतो किंवा रजा संपवत असतो, त्यामुळे दार उघडायला तोच येतो आणि पुढची सगळी जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते. कोथरूड, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कोल्हापूर असा त्याचा आढळ सर्वदूर आहे. लिफ्ट असलेल्या किंवा लिफ्टसाठी सोसायटीच्या मीटिंगा चालू असलेल्या इमारतीत तो हमखास सापडतो.

मालकी मिळण्याचा विधी अर्ध्या तासाचा असतो. कंपनीचा मुलगा खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, त्याचा भुगा सोफ्यावर पडतो, काकूंचे लक्ष त्या भुग्याकडे असते, आणि नेमक्या त्या क्षणी मुलगा मोबाइलवरून मान वर न करता विचारतो, "पासवर्ड काय ठेवू, काका?" या प्रश्नाची पूर्वतयारी कुणाचीच नसते. काकांच्या तोंडी आधी देवाचे नाव येते. इथे पहिली अडचण उभी राहते. वायफायच्या रूढ सुरक्षापद्धतीत पासवर्ड किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा लागतो, आणि तो इंग्रजी कीबोर्डावरच्या अक्षरांतच असावा लागतो. गणेश सहातच संपतो. साईबाबा, गजानन आणि विठ्ठल हे तिघेही सातावर येऊन थांबतात. खंडोबा तेवढा नेमका आठात बसतो, पण जेजुरीचे कुलदैवत सगळ्यांचेच नसते. मग देवाच्या नावापुढे एक-दोन-तीन लावून वेळ भागवली जाते.

मुलगा तेवढ्यावर ऐकत नाही. "एक अक्षर कॅपिटल घ्या, एक चिन्ह पण टाका, सेफ राहतं." हा सल्ला त्याने जिथून घेतला तिथे तो आणखी कुठून तरी आलेला असतो. त्याचे मूळ शोधत गेल्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत २००३च्या सुमारास तयार झालेल्या मार्गदर्शक सूचना लागतात. त्या लिहिणारे बिल बर यांनी २०१७मध्ये, आपण सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असे सांगितले. संस्थेनेही त्याच वर्षी कॅपिटल-चिन्ह-आकड्यांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती काढून टाकली. लांब आणि लक्षात राहील असा पासवर्ड बरा, असे नवे मत आहे. ही बातमी भोक पाडणाऱ्या मुलापर्यंत पोचलेली नसते, त्यामुळे पासवर्डात एक कॅपिटल आणि एक ॲट शिरतो. पुढे जे होते त्यातले निम्मे या दोघांमुळे होते.

जाता जाता वायफायला नावही दिले जाते. बहुधा आडनावच असते, आणि बॉक्स जरा नवा असेल तर त्याच नावाची दुसरी आवृत्ती शेवटी '५जी' लावून दिसते. हा ५ गिगाहर्ट्झ लहरींचा उल्लेख आहे. त्या वेगवान असतात पण भिंतीपुढे लवकर दमतात. मालक मात्र २०१९पासून सोसायटीत सांगत आलेला असतो की आमच्याकडे ५जी आहे. भारतात मोबाइलचे ५जी ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याने कसलेही आश्चर्य दाखवले नाही.

पासवर्ड विसरला जातो याचे कारण म्हातारपण नव्हे. याच गृहस्थाला आपला जुना लँडलाइन नंबर, विकून पंचवीस वर्षे झालेल्या स्कूटरचा नंबर आणि पुण्याहून सांगलीला लावायचा एसटीडी कोड झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळी ज्यांनी डायल-अप घेतले त्यांना दर वेळी नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरावे लागे, आणि त्या मंडळींना तो पासवर्ड आजही येतो. उपयोग शून्य. वायफायचा पासवर्ड प्रत्येक उपकरणात आयुष्यात एकदा टाकायचा असतो. नंतर फोन तो लक्षात ठेवतो, टीव्ही लक्षात ठेवतो, लॅपटॉप लक्षात ठेवतो. ज्याने ठेवला त्याला पाठांतराची संधीच मिळत नाही. घरातल्या प्रत्येक निर्जीव वस्तूला तो ठाऊक असतो.

विसर पडल्याचे कळायला बाहेरचा माणूस लागतो. दिवाळीत जावई येतात. पाणी झालेले असते, चहा यायचा असतो, या मधल्या फटीत ते फोन काढून विचारतात, "बाबा, वायफायचा पासवर्ड काय आहे?" जावयाला 'माहीत नाही' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मालक म्हणतो, "आहे ना. द्या इकडे, मीच टाकून देतो." पासवर्ड सांगण्याऐवजी फोनच मागून घेणे हे विसर पडल्याचे पहिले लक्षण समजावे.

यानंतरचे दृश्य सावकाश पाहण्यासारखे असते. चष्मा कपाळावर जातो. फोन हातभर लांब धरला जातो. उजव्या हाताची तर्जनी एकेका अक्षरावर उतरते, आणि प्रत्येक अक्षर उमटल्या उमटल्या काळा ठिपका होते, त्यामुळे काय दाबले गेले ते दाबणाऱ्यालाही कळत नाही. ठिपक्यांच्या शेजारी एक डोळ्याचे चित्र असते, ते दाबले तर अक्षरे दिसतात. मालक ते दाबत नाही, कारण जावई शेजारी बसलेले असतात. पासवर्ड चुकतो. "तुमच्या फोनमध्येच काहीतरी आहे," असे निदान होते. पुन्हा चुकतो. "आज सकाळपासून नेट स्लोच आहे." एटीएम निदान तीन चुकांनंतर कार्ड अडवते आणि माणसाची सुटका करते. घरगुती राउटर बहुधा तसे करत नाही. कितीही चुका, तो पुन्हा विचारायला तयार असतो, त्यामुळे हा प्रयोग चहा गार होईपर्यंत चालतो.

मग डायरी निघते. ती एखाद्या बँकेने किंवा विमा एजंटने दहा-बारा वर्षांपूर्वी फुकट दिलेली असते, आणि त्या वर्षीची असूनही सगळ्या वर्षांना चालते. गॅसचा ग्राहक क्रमांक, मिक्सरच्या वॉरंटीची तारीख, पोळ्यावाल्या बाईंचे खाडे, एका लग्नातल्या आहेराची यादी, हे सगळे ओलांडल्यावर एका पानावर तिरके लिहिलेले असते : 'वायफाय पासवर्ड : नेहमीचाच.' काही सावध मालक चोराच्या हाती डायरी लागेल या भीतीने सांकेतिक लिहितात. 'मोठीचे नाव + जुनी गाडी.' चोराला ते कळत नाही हे खरे. पण मोठी म्हणजे मोठी मुलगी की सगळे घर जिला मोठी म्हणते ती बहीण? मुलगी असेल तर पाळण्यातले नाव की हाक मारायचे? जुनी गाडी म्हणजे चेतक की त्याआधीची लुना? एवढे सुटले तरी स्पेलिंग उरते. लक्ष्मीत एक्स घालायचा की के-एस-एच, श्रीला एक आय की दोन ई, भवानीत व्ही की डब्ल्यू, यावर एकमत झालेले घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. आणि लहान-मोठ्या लिपीचा फरक राउटर कधीही माफ करत नाही.

या सगळ्या काळात एक व्यक्ती स्वयंपाकघरात शांतपणे चकल्या तळत असते. पुष्कळ घरांत पासवर्ड काकूंना पाठ असतो. नातवाला, भाचीला, शिकवणीच्या मुलांना त्यांनीच तो वेळोवेळी सांगितलेला असतो. त्यांना विचारावे असे कुणाला सुचत नाही, आणि न विचारता सांगण्याची चूक त्या तीस वर्षांपूर्वी एकदा करून बसलेल्या असतात. दुसरा जाणकार खालच्या मजल्यावर असतो. २०२०च्या लॉकडाउनमध्ये त्यांच्या मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी मालकाने मोठ्या मनाने पासवर्ड दिला होता. मुलगा आता कॉलेजात आहे आणि जोडणी तशीच आहे. शेजाऱ्याकडे पासवर्ड मागायला जाणे दोन्ही घरांना परवडणारे नसते.

शेवटी कुणीतरी बॉक्सकडे वळते. तो टीव्हीच्या वर किंवा चपलांच्या कपाटावर असतो, अंगावरचे प्लास्टिक अजून काढलेले नसते आणि धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल घातलेला असतो. उलटा केला की खाली स्टिकर, आणि त्यावर मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत एक पासवर्ड छापलेला. घरात जल्लोष होतो. तो फार टिकत नाही, कारण स्टिकरवर असतो तो कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड, आणि तो तर भुग्याच्या दिवशीच बदलला गेला. त्याच स्टिकरवर बहुधा आणखी एक नाव-पासवर्डाची जोडी असते. ती वायफायची नसून राउटरच्या सेटिंगच्या पानाची, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा काहीसा पत्ता टाकल्यावर जे उघडते त्याची. आधीपासून वायफायशी जोडलेल्या लॅपटॉपवरून तिथे शिरता आले तर वायफायचा पासवर्ड पाहताही येतो आणि बदलताही येतो. अर्थात त्या पानाचाही पासवर्ड मुलाने बदलला असेल, तर विसरलेल्या गोष्टी दोन होतात.

स्टिकर फसल्यावर काही मालक अधीर होतात. त्यांना या लेखात रीसेटवाले म्हटले आहे. बॉक्सच्या मागे सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. त्यात सेफ्टी पिन घालून दहाएक सेकंद दाबून धरली की बॉक्स मूळ अवस्थेला जातो आणि स्टिकरवरचा पासवर्ड चालू लागतो. उपाय अगदी बरोबर आहे. फक्त बऱ्याच फायबर जोडण्यांत कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्डही त्याच बॉक्सच्या पोटात भरलेले असतात, आणि ते दुसऱ्या बाजूने पुन्हा आपोआप येत नसतील तर बाकीच्या सेटिंगबरोबर पुसले जातात. वायफाय लागते, इंटरनेट नसते. दिवे हिरवे, फोनवर पूर्ण दांड्या, आणि काही उघडत नाही. या अवस्थेत दिवाळीचे चार दिवस काढलेली घरे आहेत. रीसेटवाल्याचे म्हणणे मात्र ठाम असते की बॉक्सच बाद होता.

खरा उपाय नातवाच्या हातात असतो आणि त्याला अर्धा मिनिट लागतो. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून, जोडलेल्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'शेअर' दाबून बोटाचा ठसा दिला की क्यूआर कोड उमटतो, आणि अनेक फोनांवर त्याच्या खालीच पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. आयफोनवर २०२२च्या आयओएस १६पासून पासवर्डच्या ठिपक्यांवर बोट ठेवले की चेहरा ओळखून तो दाखवला जातो. विंडोज लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर एक ओळ लिहूनही तो निघतो. नातू बहुधा हाच मार्ग निवडतो, कारण त्यात आजोबा जास्त घाबरतात. पासवर्ड सबंध वेळ मालकाच्याच शर्टाच्या खिशात होता, हे असे उघड होते. त्यावर मालकाची प्रतिक्रिया ठरलेली आहे : "हाच टाकत होतो मी. तुमच्याकडे कॅपिटल घेत नव्हता."

सापडलेला पासवर्ड जपण्याच्या तऱ्हा मालकागणिक बदलतात. कुणी तो कॅलेंडरच्या मागे लिहितो आणि एक जानेवारीला कॅलेंडर रद्दीत जाते. कुणी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, तिथे तो सुप्रभातच्या फुलांखाली तासाभरात गाडला जातो. हौशी मालक क्यूआर कोडची छापील प्रत फ्रिजवर लावतात आणि आपण पासवर्ड कुणाला दिसू देत नाही अशा समजात राहतात. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत पासवर्ड उघड मजकुरात भरलेला असतो आणि कोणताही स्कॅनर तो वाचून दाखवतो. पुष्कळ मालक मात्र काहीच करत नाहीत, कारण आता तो लक्षात राहील अशी त्यांची खात्री असते.

हा गृहस्थ मुलाकडे अमेरिकेत गेल्यावर त्याचे रूप पालटते. न्यू जर्सीतल्या घरी पासवर्ड वीस अक्षरांचा, कुठलाही देव नसलेला आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपने बनवलेला असतो. मुलालाही तो येत नाही आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. आईवडिलांना 'गेस्ट' नावाच्या वेगळ्या जाळ्यावर जोडले जाते. वेग तोच आहे, फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरपासून बाकीचे फोन लांब ठेवायची ती सोय आहे, असे मुलगा समजावतो. वडील मान डोलावतात. रात्री काकूंना सांगतात, "आपल्याला पाहुण्यांत घातलंय." दुसऱ्या दिवशी ते डायरी काढतात, कारण ती बॅगेतून सोबत आणलेलीच असते, आणि नव्या पानावर ती वीसही अक्षरे, कॅपिटल असेल तिथे खाली रेघ मारून, उतरवून घेतात.